तीन सेकंदांचा आक्षेप

मी बावीस वर्षं नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्यात टाइमकीपर होतो. फाटकात उभं राहून कोण किती वाजता आत आला ते लिहायचं आणि उशिरा आलेल्याचा अर्धा दिवस कापायचा, हे माझं काम. लोक शिव्या देत. एकाची बायको रात्री बाळंत झाली, तो सकाळी चार मिनिटं उशिरा आला, त्याचाही मी अर्धा दिवस कापला. तो फाटकातच म्हणाला, "साहेब, तुमी मेले तरी यमाले म्हणसान, आधी घड्याळ दाखव." मला त्याचा राग आला नाही. घड्याळात माणूस बघायचा नसतो असं माझं मत होतं, आणि निवृत्त झाल्यावरही ते बदललं नाही.

निवृत्तीनंतर मी मोबाईलवरचा एक खेळ धरला. पत्त्यांचा नाही, गोळ्या फोडायचाही नाही. सूर्य बुडाल्यावर तासा-दीड तासात डोक्यावरून उपग्रह जातात. लुकलुकत नाहीत, आवाज करत नाहीत, नुसते चालत्या ताऱ्यासारखे सरकत जातात. अंतराळ स्थानक तर आकाशातल्या कुठल्याही ताऱ्यापेक्षा ठसठशीत दिसतं. पश्चिमेकडून वर येतं, आणि पूर्वेकडे उतरता उतरता पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतं. विझलं त्या क्षणी बटन दाबायचं, एवढाच खेळ. पण एकट्याच्या बटनाला किंमत नाही. सत्तर किलोमीटरहून लांबच्या दोन गावांची जोडी लागते. गावं दोन असली तरी उपग्रह एक आणि सावली एक, त्यामुळे अमरावतीत ज्या सेकंदाला तो विझतो त्याच सेकंदाला अकोल्यातही विझतो. दोघांच्या वेळा जुळल्या तर पूर्ण गुण. पाच सेकंदांपर्यंत फरक असेल तर अर्धे. फरक पडला म्हणजे दोघांपैकी कोणीतरी एक चुकला. मला हा खेळ आवडायचा तो त्यासाठीच.

या खेळाच्या कितीतरी आधी, घरी इंटरनेटही नव्हतं तेव्हा, मी आणि माझी मुलगी स्लॅबवर हेच करायचो. एकुलती एक मुलगी. ती पाण्याच्या टाकीवर बसायची, गळ्यात माझं कारखान्याचं स्टॉपवॉच. उपग्रहांच्या वेळा मी सायबर कॅफेतून कागदावर उतरवून आणायचो. कुठे बघायचं, मान किती वळवायची, बटन कसं दाबायचं, सगळं तिला मी शिकवलं. तिच्या अक्षरातल्या दोन वह्या अजून कपाटात आहेत.

तिला अकोल्याला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिने लग्न ठरवलं. मुलगा चांगला होता, हे मला तेव्हाही दिसत होतं. तो बौद्ध, आम्ही शेतीवाले कुणबी, आणि मी नाही म्हणालो. कारखान्यात चौदा एप्रिलच्या जयंतीला हार घालायला मी सगळ्यांच्या पुढे असायचो. समतेवर पाच मिनिटं बोलायचोही. घरात मात्र मी आधी म्हणालो, पगार कमी आहे. मग म्हणालो, अकोल्यात ऊन फार. मग म्हणालो, तू मला विचारलं नाहीस. खरं कारण मी एकदाही तोंडातून काढलं नाही, आणि तिला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं.

"बाबा, जातीचं नाव घ्या न," ती म्हणाली. "भेता काहून?"

मी तिला सांगितलं, या घराची पायरी चढायची नाही. ती चढली नाही. तीन वर्षं झाली होती त्याला, आणि या तीन वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. बायको स्वयंपाकघरात दार लोटून तिच्याशी फोनवर बोलायची. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायचो.

लग्नाची पत्रिका पोस्टाने आली होती. वर 'शुभविवाह' नाही, 'मंगल परिणय' छापलेलं. स्लॅबवरच्या माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्याखाली मी ती घडी घालून सरकवली. बायकोने पाहिलं. दुसऱ्या दिवशी पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिने परत तिथेच ठेवली होती.

तर, एका दिवाळीनंतर खेळात मला निरोप आला, 'अकोला-दोन तुमच्याशी जोडी मागत आहे.' खेळात कोणी नाव लावत नाही, गाव आणि आकडा. मी अमरावती-एक. माझी आधीची जोडी खामगावच्या एका दुकानदाराशी होती, तो कंटाळून निघून गेला होता. मी 'हो' दाबलं आणि मग अकोला-दोनचा फोटो उघडला. फोटो गच्चीचा होता. निळी टाकी, टाकीशेजारी पंचरंगी झेंडा. ही गच्ची मी ओळखत होतो. बायकोच्या मोबाईलमध्ये मुलीच्या हळदीचे फोटो आहेत. ती देवळात गेली असताना मी ते एकदा पाहिले होते, दोनदा म्हणा. ती गच्ची माझ्या व्याह्यांची होती. निवृत्त शाळामास्तर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस मला डिवचायला आलाय, माझी मुलगी नेली आणि आता माझ्या आकाशातही आलाय, असं मला वाटलं. जोडी तोडता आली असती. पण तोडणाऱ्याच्या नावापुढे मोसम संपेपर्यंत 'माघार' असा शिक्का राहतो, आणि तो सगळ्यांना दिसतो. त्या माणसासमोर माघार घेण्यापेक्षा मी स्लॅबवरून उडी मारली असती. मी ठरवलं, खेळायचं, आणि खेळातच त्याला उघडा पाडायचा.

स्थानक आठ-दहा दिवस ओळीने संध्याकाळी दिसतं आणि मग दोन-तीन आठवडे गायब होतं. दिसायचं त्या प्रत्येक संध्याकाळी अर्धा तास आधी अकोल्याहून जोडीच्या खिडकीत निरोप यायचा, 'जय भीम. आकाश स्वच्छ आहे.' मी उत्तर देत नसे. आमच्याकडे ढग असले तर मी 'ढग' एवढंच लिहायचो. मग तिकडून यायचं, 'काळजी घ्या.' ढगांत काळजी कसली घ्यायची, असं मी मनात म्हणायचो आणि दात आवळायचो. संक्रांतीला त्यांनी तिळगुळाचं चित्र पाठवलं. मी ते पुसून टाकलं.

आणि मग मला पाहिजे ते सापडलं. अकोल्याची वेळ माझ्यापेक्षा नेहमी उशिरा असायची. कधी दोन-अडीच नाही, कधी पाच-सहा नाही. तीन सेकंद. प्रत्येक वेळी तीन सेकंद. त्यामुळे आमच्या जोडीला एकदाही पूर्ण गुण मिळाले नव्हते. आधी मी माझं घड्याळ तपासलं. तिवस्याचा एक गडी दुसऱ्या जोडीत खेळतो, त्याच्या वेळा काढून पाहिल्या. त्याच्या आणि माझ्या वेळा तंतोतंत जुळत होत्या. म्हणजे चूक अकोल्याची. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारून चहा करायला सांगितला.

"का झालं?" ती म्हणाली.

"तुहा इवाई आळशी हाय," मी म्हणालो. "उजेड गेल्यावर तीन सेकंदानं बटन दाबते. शाळेत पोट्ट्यायले घंटाबी उशिराच देत असन."

"अन् त्यानं तुमचं का बिघडलं?"

"अर्धे गुण जातेत."

बायको चहा ठेवून निघून गेली. जाता जाता म्हणाली, "सुंभ जळते, पण पीळ नाई जात."

कागदावरचा पुरावा मला पुरेना. आक्षेप घेतला असता तर खेळाच्या पंचांनी म्हटलं असतं, फोनचं घड्याळ पुढे असेल, सोडून द्या. म्हणून मार्च महिन्यात एका दुपारी मी अकोल्याची एसटी पकडली. पत्ता हवा होता, तो पत्रिकेवर होता. खुर्चीखालून पत्रिका काढली, पत्ता हातावर लिहून घेतला, पत्रिका परत सारली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा आलुबोंडा खाल्ला. अकोल्यात उतरलो तेव्हा पाच वाजून गेले होते आणि रस्ता अजून भाजत होता. मुलीला सांगितलेलं मला आठवलं, अकोल्यात ऊन फार. ते तेवढं तरी खरं होतं.

त्यांच्या गल्लीत समोर एक बंद पिठाची गिरणी आहे. तिच्या ओट्यावर मी बसलो. तोंडाला दुपट्टा बांधला होता. अकोल्यात त्याचं कोणाला काही वाटत नाही. खिशात कारखान्याचं जुनं स्टॉपवॉच, हातात मोबाईल. घर दुमजली, बाहेरून गच्चीवर जाणारा जिना, बारा पायऱ्या. मी त्या मोजल्या. मोजायचं काही कारण नव्हतं.

सव्वासातच्या सुमाराला गच्चीवर दोन डोकी दिसली. एक व्याह्यांचं, पांढऱ्या केसांचं. दुसऱ्या डोक्यावरून ओढणी घेतलेली, पाठ माझ्याकडे. व्याहीण असेल असं मी धरून चाललो. स्थानक आलं. गल्लीवरून, विजेच्या तारांवरून, समोरच्या मोबाईल टॉवरवरून, अगदी शांत गेलं. पूर्वेला पोचलं, तांबूस झालं, विझलं. मी दाबलं. वरून कोणीतरी काही पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. मग त्यांचं दाबून झालं असावं, कारण दोन्ही डोकी खाली वाकून फोनमध्ये पाहू लागली. माझं लक्ष स्टॉपवॉचवर होतं. लगेच खेळात अकोल्याची नोंद आली. तीन सेकंद उशीर. मी त्यांच्या दारात बसून, त्यांच्याच आकाशाखाली मोजले होते. आता त्यांना बोलायला जागाच नव्हती.

मी उठलो आणि स्टँडवर आलो.

घरी बायको जागी होती. तिला सगळं सांगितलं. पुराव्याचा भाग मी जोरात सांगितला.

"म्हंजे तुमी अकोल्याले गेल्ते? पोरीच्या घरापर्यंत?"

"रस्त्यावर होतो."

"अन् वरती काहून नाई गेले?"

"कामाले गेल्तो."

"असं कोणतं काम हाय जी तुमचं," ती म्हणाली, "का माणूस पोरीच्या दारातून वापस येते?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते आता आठवत नाही. ती उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आक्षेप लिहिला. कारखान्यात मेमो लिहायची सवय, भाषा तीच. 'अकोला-दोन हे निरीक्षक कामात सातत्याने हयगय करीत असून, दिवाळीपासूनच्या एकेचाळीस नोंदींमध्ये प्रत्येक वेळी तीन सेकंदांचा विलंब आढळतो. प्रत्यक्ष स्थळावर जाऊन खात्री केली आहे. सदर निरीक्षकाकडे आवश्यक ती शिस्त नाही. सर्व नोंदी रद्द कराव्यात.' 'शिस्त' हा शब्द मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला, कारण तो वाचून मास्तराला झोंबावं अशी माझी इच्छा होती. आक्षेप सगळ्या विभागाला दिसतो. नागपूरपासून बुलढाण्यापर्यंत सगळे वाचणार होते.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. ते मला पाठ आहे.

'आक्षेप मान्य आहे. बटन माझी सून दाबते. उजेड गेला असं वाटलं तरी तीन मोजायचे आणि मगच दाबायचं, असं तिच्या वडिलांनी तिला लहानपणी शिकवलं आहे. खेळाच्या नियमात हे बसत नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जोडीही तिनेच मागितली होती. ती म्हणाली, राहू द्या, त्यांना कळेल. म्हणून मी राहू दिलं. जय भीम.'

मी खुर्चीत बसून ते वाचत होतो. मला वाटतं, मी ते पाच-सहा वेळा वाचलं.

ती सात वर्षांची असेल. स्थानक नाही, कुठल्या तरी रॉकेटचं रिकामं नळकांडं होतं, डगमगत जायचं, उजळायचं आणि मंद व्हायचं. ते मंद झालं, तिला वाटलं विझलं, तिने बटन दाबलं, आणि पुढे दोन बोटांवर ते पुन्हा पेटलं. ती रडायला लागली. कारखान्यात चार मिनिटांची गय न करणारा मी तिला म्हणालो, "रडू नको. गेलं असं वाटलं का तीन मोजायचे. एक, दोन, तीन. तरी नाई आलं, तं मंग गेलं." त्यानंतर आम्ही दरवेळी मोजायचो, दोघंही, मोठ्याने. त्या दोन वह्यांतल्या सगळ्या वेळा तीन सेकंद उशिराच्या आहेत. नंतर हा खेळ आला, त्याचा नियम वेगळा होता, आणि मी मोजणं सोडून दिलं. सोडलं हेही विसरलो.

एकेचाळीस संध्याकाळी ती मला हाक मारत होती, आणि मी त्या हाकेवर हयगयीचा शेरा मारला. गिरणीच्या ओट्यावर बसून मी तिचं मोजणं कानाने ऐकलं होतं. ओढणीतलं डोकं तिचं होतं. बारा पायऱ्या.

पंचांचा निरोप आला. 'आक्षेपकर्त्याची इच्छा असल्यास चोवीस तासांत आक्षेप मागे घेता येईल. अन्यथा एकेचाळीस नोंदी रद्द होतील.'

इथे मी कोणाला दोष देऊ शकत नाही. चोवीस तास होते. बायकोने मास्तरांचं उत्तर वाचलं होतं, ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "दाबा न ते बटन. मांगं घ्या." मी म्हणालो, नियम तो नियम. मी म्हणालो, वेळ तर उशिराची होतीच ना. मी असंही म्हणालो, की मास्तराने हे सगळ्यांसमोर लिहायची काय गरज होती, माझी अब्रू काढली. स्वतः सगळ्यांसमोर लिहिलं होतं ते मला दिसलं नाही. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मागे घेतलं असतं तर तिला कळलं असतं की मला कळलं, आणि मग पुढचं काहीतरी मलाच बोलावं लागलं असतं. सकाळ झाली, दुपार झाली. मी मोबाईल उपडा ठेवून त्याच्याकडे बघत बसलो. चोवीस तास संपले आणि एकेचाळीस नोंदी गेल्या. तिथे आता नुसत्या रेघा आहेत.

बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि आत जायची.

एप्रिलमध्ये स्थानक पुन्हा दिसायला लागलं. अकोल्याहून 'आकाश स्वच्छ आहे' आलं नाही. काहीच आलं नाही. मी दाबलं, अकोल्याची नोंद आली, फरक शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. आमच्या जोडीला पहिल्यांदाच पूर्ण गुण मिळत होते, आणि ते बघून मला अन्न गोड लागेना. बटन आता मास्तर दाबत होते, की तीच दाबत होती आणि तिने मोजणं सोडलं होतं, हे मला कळायला मार्ग नव्हता. यातलं कुठलं जास्त वाईट हेही मला ठरवता येत नव्हतं. बायकोला विचारलं असतं तर तिने फोन करून विचारलं असतं. मी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी मी स्लॅबवर गेलो. खाली लॉनवर कोणाचं तरी लग्न होतं, डीजे वाजत होता, मी मनातल्या मनात त्या नवऱ्यामुलाला शिव्या घातल्या. स्थानक आलं. पूर्वेला उतरलं, तांबूस झालं, विझलं. बोट बटनावर होतं. मी दाबलं नाही. मी मोठ्याने मोजलं, एक, दोन, तीन, आणि मग दाबलं. टाइमकीपरच्या आयुष्यातली पहिली खोटी वेळ. खरं तर ती खोटी नव्हती, पण पंचांना ते कोण सांगणार.

अकोल्याची नोंद आली. फरक तीन सेकंद. या वेळी उशीर माझा.

मी जोडीच्या खिडकीकडे बघत बसलो. डीजे थांबला, जेवणाची पंगत बसली असावी. साडेआठच्या सुमाराला मोबाईल वाजला. जोडीच्या खिडकीत काही नव्हतं. आक्षेपांच्या पानावर होतं, सगळ्या विभागाला दिसेल असं.

'अमरावती-एक यांनी आज तीन सेकंद उशिरा बटन दाबले आहे. उजेड गेल्यावर निरीक्षकाने मोजत बसू नये. सदर नोंद रद्द करावी.'

आक्षेप घेणाऱ्याला पूर्ण नाव लिहावं लागतं, हा खेळाचा नियम आहे. खाली माझ्या मुलीचं नाव होतं. लग्नानंतर पोरींचं मधलं नाव बदलतं, बापाचं जाऊन नवऱ्याचं येतं. तिचं बदललेलं नव्हतं. तिच्या नावापुढे माझं नाव होतं, आणि त्याच्या वर ते वाक्य. तीन वर्षांत तिने मला लिहिलेलं पहिलं वाक्य.

मी खाली आलो आणि मोबाईल बायकोसमोर धरला. ती कित्येक दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"बरोबरच लिवलं पोट्टीनं," ती म्हणाली. "अगदी तुमच्यावानी लिवलं."

पंचांनी माझ्यासाठी दोन चौकोन दिले होते, 'मान्य' आणि 'अमान्य'. चोवीस तास होते. मी तिथेच, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून 'मान्य' दाबलं.